पोक आलेली रेघ

४ नोव्हेंबर

बोलायला घरात माणूस उरलं नाही, म्हणून ही वही आणली. हे असताना मी दिवसभर बडबडायचे आणि हे नुसतं 'हं' म्हणायचे. वही 'हं'सुद्धा म्हणत नाही, पण निदान मधेच घोरत नाही.

आज मालकांनी शेवटी सांगून टाकलं. ह्यांचं काम मला. रोपवाटिकेच्या कुंपणालगतच्या पट्ट्यांवर पहाटे आणि संध्याकाळी फिरायचं, ससे आत येऊन कोवळ्या रोपांची साल कुरतडतात त्यांना टिपायचं, पॉइंट बावीसची छोटी रायफल साफ ठेवायची. कामाबरोबर ह्या दोन खोल्याही माझ्याकडेच राहणार. काम गेलं की खोल्या गेल्या, हे मालकांनी दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी मला कळलं असतं.

काल चाचणी घेतली होती. पॅकिंगच्या शेडमागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे रंगाचे रिकामे डबे मांडले होते. मी सगळे पाडले. रायफल मला ह्यांनीच शिकवली, पुढे माझा नेम ह्यांच्याहून बरा निघाला, ते मात्र चारचौघांत कधी कबूल केलं नाही. नेम धरताना लोकांना एक डोळा मिटावा लागतो. माझा डावा जन्मापासूनच नावाला आहे, त्यातून उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यामुळे मला मिटायचा त्रास नाही.

सगळ्यांना वाटत होतं की काम भावोजींना मिळणार. ह्यांचे धाकटे भाऊ इथेच रोपं लावायच्या टोळीत आहेत. ते, जाऊबाई आणि दोन मुली, सगळी मिळून धुण्याच्या जागेशेजारच्या एका खोलीत राहतात. निकाल कळल्यावर ते आले आणि म्हणाले, "बरं झालं वहिनी." चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मनात म्हटलं, एवढं साधं कुणी नसतं.

९ नोव्हेंबर

उजेड उतरला की घोटाळा होतो. नळीच्या टोकाला नेम धरायचा जो खुंट आहे तो धड दिसत नाही. तपकिरी माती, तपकिरी ससा आणि त्यावर माझा काळा खुंट. आज तीन वेळा नेम धरला आणि तिन्ही वेळा सोडून दिला, कारण अंदाजाने गोळी मारायची नाही हे ह्यांचं पहिलं शिक्षण.

मालकांकडे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचं काढलं. ते म्हणाले, रायफल माझी, वर काय बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे खर्च माझा.

१२ नोव्हेंबर

बाजारात बंदुकांच्या दुकानात गेले. आयुष्यात एकटीने पहिल्यांदाच. दुकानदाराच्या मिशा एवढ्या की तोंड कुठे सुरू होतं ते कळत नाही. मी त्यांना मिशीवालेच म्हणणार. बाई रायफलीची दुर्बीण मागतेय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. नव्हता.

पण माणूस चोख निघाला. काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या. पहिली दांडगी, पुढची काच वाटीएवढी. मला तीच आवडली, तर म्हणाले ही तुमच्या कामाची नाही. मोठ्या रायफलींची आहे, लांबच्या अंतराला जुळवलेली. जवळच्या सशावर लावलीत आणि डोळा जरासा हलला की आतली फुली निशाणावरून सरकेल. दुसरी प्लास्टिकच्या पाकिटातली, खेळण्यातल्या बंदुकीवर शोभेल अशी. तिच्यातून समोरचं दुकान पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. तिसरी आखूड, काळी, चारपट मोठं दाखवणारी आणि तेवढंच दाखवणारी. तिच्यात फिरवायला फार काही नाही, म्हणून बिघडायलाही फार काही नाही. बावीसच्या रायफलीला धक्काच नसतो, तेव्हा महागाची मजबुती नको, फक्त काच स्वच्छ हवी आणि कड्या घट्ट हव्यात, असं त्यांनी समजावून दिलं.

आत पाहिलं. दोन बारीक काळ्या रेघा, एक उभी, एक आडवी, बरोबर मधोमध एकमेकींवरून गेलेल्या. बघूनच बरं वाटलं. किंमत मात्र माझ्या पिशवीपेक्षा मोठी होती, म्हणून परत आले.

१४ नोव्हेंबर

ह्यांची सायकल विकली. दारात भिंतीला टेकून उभी असायची आणि रोज तिला पाहून छातीत कळ यायची, तेव्हा गेली ते एका परीने बरंच. घेतली भावोजींनी. घासाघीस नाही, काही नाही, उलट मी सांगितलं त्याहून जास्तच हातावर ठेवलं. साखळी गंजलेली, टायर बसलेलं, तरी. एवढ्या उदारपणाच्या मागे काहीतरी असणार. ह्या खोल्यांवर त्यांचा डोळा आहे, असं पॅकिंगमधल्या बायका म्हणतात. मी म्हटलं नाही, पण कान बंदही केले नाहीत.

१६ नोव्हेंबर

दुर्बीण आली. रायफलीवर कड्यांत बसवली, बांधासमोर कागद लावला आणि दुर्बिणीवरच्या नेमाच्या चकत्या टिक टिक करत जुळवल्या. दुपारपर्यंत गोळ्या एकाच भोकाच्या आसपास पडायला लागल्या.

संध्याकाळी पश्चिमेच्या पट्टीत एक ससा टिपला. सशाच्या मिशा दिसल्या. मिशा! हे असते तर म्हटलं असतं, बघा, मला तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढचं दिसतं. हे जाऊन दोन महिने होत आले आणि आज पहिल्यांदा मला भूक लागली. भात उरवला नाही.

२४ नोव्हेंबर

दुर्बीण बिघडली.

सकाळी नेम धरला तर उभ्या रेघेला मधोमध पोक आलंय. वरून सरळ येते, फुलीपाशी जराशी बाहेर झुकते आणि पुन्हा सरळ होते. काच पुसली, फडकं बदलून पुसली, रायफल आडवी धरून पाहिलं. पोक तिथेच. नेम कुठल्या रेघेवर धरायचा, खऱ्या की पोक आलेल्या? गोळी भलतीकडे गेली.

कुठे आपटली असेल? मी तर पोटच्या पोराला जपावं तशी जपते. मला पोर नाही, पण जपायचं कसं ते कळतं.

२६ नोव्हेंबर

मिशीवाल्यांकडे गेले. त्यांनी दुर्बीण लाकडी ठोकळ्यात पक्की बसवली आणि बराच वेळ पाहिलं. म्हणाले, रेघ सरळ आहे. मी पाहिलं, पोक होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं, सरळ होती. असं आमचं चाललं होतं तेव्हा मागे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी वाद नको म्हणून त्यांनी दुसरी नवी दिली, जास्तीचे पैसे न घेता. म्हणजे चूक त्यांचीच होती, नाहीतर दुकानदार असं फुकट बदलून कशाला देईल.

३० नोव्हेंबर

नवीतही तेच. उलट आडवी रेघही आता लचकलीय.

स्वस्तातला माल घेतला की नाकी नऊ येतात ते असे. सगळा गठ्ठाच खराब आला असणार. मी इथे पहाटे उठून थंडीत बसते आणि तिथे कारखान्यात कुणीतरी जांभई देत तारा ओढतो.

भर म्हणून भावोजींच्या टोळीने उत्तरेला नवीन रोपांना ज्या काठ्या ठोकल्यात, त्याही वाकड्या. लांबून नजर टाकली की ओळीच्या मध्यात फुगवटा दिसतो. मी त्यांना सांगितलं, भावोजी, दोरी न धरता ठोकल्यात का? ते काही न बोलता दोरी घेऊन आले, एका टोकाला स्वतः बसले, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. दोरी प्रत्येक काठीला टेकत होती. मी म्हटलं, दोरीच सैल आहे. त्यांनी दोरी ताणली, तिला बोटाने टिचकी मारली, ती वाजली. मग ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला राग आला आणि मी निघून आले.

३ डिसेंबर

पुन्हा मिशीवाल्यांकडे. ह्यावेळी मी आवाज चढवला, खोटं कशाला लिहू. त्यांनी दुर्बीण बाहेर नेऊन समोरच्या शटरवर धरायला सांगितली. शटरच्या पट्ट्या सरळ दिसतात का बघा, म्हणाले. मी पाहिलं तर पट्ट्यासुद्धा मधे चेपलेल्या. मी सांगितलं की शटरही चेपलेलं आहे. त्यांनी एकदा शटरकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, दुर्बीण राहू द्या. तुम्ही आधी एकदा डोळे दाखवून या."

गिऱ्हाइकाला चूप बसवायची ही नवी तऱ्हा. माल विकायचा आणि वर डोळे दाखवून या म्हणायचं. मी तशीच उठून आले.

येताना मनात एकदा येऊन गेलं की सगळंच कसं वाकडं. ही वहीसुद्धा बघा, रेघा मधे गोळा झाल्यात, अक्षर वर-खाली जातंय. स्वस्तातली वही. स्वस्तातलं सगळं असंच असायचं.

७ डिसेंबर

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू.

संध्याकाळी एक ससा टप्प्यात बसला होता. निवांत, कान पाडून. फुलीच्या मधे मला तो नीट दिसत नव्हता, रेघांच्या मधेच एक करडा डाग बसलाय, पुसून जात नाही. कान दिसत होते, मागचे पाय दिसत होते. मधे तो असणारच, असं धरून मी चाप ओढला.

लागली ती मागच्या पायाला. ससा ओरडतो हे लोकांना माहीत नसतं. इतर वेळी आवाज नसतो त्याला. तो ओरडत ओळींमधून फरपटत गेला आणि मी त्याच्यामागे काठ्यांना अडखळत धावत होते. तो शेवटी सापडला तेव्हा मी हाताने मान मुरगळून सोडवलं त्याला. मग तिथेच मातीत बसून रडले. ह्यांनी एवढ्या वर्षांत एकाही जनावराला असं तडफडत ठेवलं नाही. ह्यांना वर तोंड कसं दाखवू.

अंदाजाने मारायचं नाही हे मला माहीत होतं. तरी मारलं, कारण सकाळी पश्चिमेच्या पट्टीत पुन्हा साल सोललेली रोपं सापडली होती आणि मालक ती मोजत उभे होते.

१० डिसेंबर

भावोजी आले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, वहिनी, पाणी बाहेर पडतंय. पेल्याच्या शेजारी टेबलावरच ओतत होते मी. हसून टाकलं, म्हटलं, लक्ष कुठे आहे माझं हल्ली.

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांनी माझा नंबर लावून ठेवला होता, मला न विचारता. म्हणाले, "वहिनी, शनिवारी मी रजा टाकलीय. मी नेतो. दुर्बीण मीही पाहिली, त्या दुकानदारांनीही पाहिली, ती सरळ आहे. तुमचा हा एकच डोळा आहे, हट्ट करू नका."

तर हे दोघे एकमेकांशी बोलतात! मला न सांगता ते दुकानात गेले. माझी रायफल मला न सांगता हातात घेतली. आता सगळं नीट जुळलं. एकदा का कागदावर आलं की बाईचा डोळा गेला, की तो कागद मालकांच्या टेबलावर जायला कितीसा वेळ लागणार? मग काम कुणाला, खोल्या कुणाला? जाऊबाईंनी मापं घेऊन ठेवली असतील.

मी चिठ्ठी फाडली. त्यांच्यासमोर.

१३ डिसेंबर, शनिवार

ते आले होते. दार वाजवलं, हाक मारली, खिडकीपाशी जाऊन पुन्हा हाक मारली. मी आतून कडी घालून पलंगावर बसून राहिले. बराच वेळ त्यांच्या पावलांचा आवाज दारात होता. मग सायकल गेल्याचा आवाज आला. ह्यांच्याच सायकलचा, साखळीला तेल दिलेलं असावं.

एका क्षणी उठून कडी काढावीशी वाटली होती. मग ह्या दोन खोल्यांकडे पाहिलं. ह्यांचा सदरा अजून खुंटीला आहे. तो घेऊन मी कुठे जाऊ? नाही काढली कडी.

१५ डिसेंबर

मालकांनी बोलावलं होतं. महिनाअखेर मोठी ऑर्डर जायची आहे आणि कुंपणाकडच्या तीन ओळींची साल गेलीय, ती रोपं आता कुणी घेणार नाही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, वहिनी, तुमच्या माणसाकडे बघून मी तुम्हाला काम दिलं, पण ह्या आठवड्यात फरक दिसला नाही तर मला विचार करावा लागेल. ते मला वहिनी म्हणतात ते फक्त वाईट बातमीच्या दिवशी.

घरी येऊन मी जेवले नाही. भीती वाटते, खरंच वाटते. ह्या वयात कुणाच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं?

१७ डिसेंबर

आज हाती पुरावा लागला.

रायफल साफ करताना कडीच्या स्क्रूवर बोट फिरवलं तर त्याच्या खाचेत नवा ओरखडा आहे. मी फिरवलेला नाही. म्हणजे कुणीतरी पेचकसाने स्क्रू फिरवलाय. शेडमधल्या ज्या कपाटात रायफल असते त्याची दुसरी किल्ली टोळीच्या मुकादमाकडे असते, आणि गेल्या महिन्यापासून मुकादम म्हणजे भावोजी.

मी जाऊन सरळ विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, त्या दिवशी दुर्बीण बघायला घेतली तेव्हा पुढची कडी सैल झालेली दिसली, म्हणून आवळून ठेवली. किती सहज! तर एवढे दिवस ही रेघ वाकवणारा हात घरचाच होता. सख्ख्या भावाच्या बायकोशी असं वागावं!

उद्या मी मालकांसमोर दुर्बीण ठेवणार. त्यांनी स्वतः डोळ्याने बघावं. मग कळेल कोण खरं.

१८ डिसेंबर

लिहिते आहे कशीबशी.

सकाळी ऑफिसात गेले. मालक होते, हिशेबाच्या बाई होत्या, आणि मी भावोजींनाही बोलावून घेतलं, दारात टोळीची माणसं जमली होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं की ह्या माणसाने माझी दुर्बीण बिघडवली, माझं काम घालवायला, माझ्या खोल्या घ्यायला. आणखीही बोलले. भावाचं सुतक फिटलं नाही आणि त्याच्या घरात घुसायला निघाला, असंही बोलले. भावोजींनी एकदा मान वर केली. "वहिनी, दादा गेल्यापासून मी..." एवढंच म्हणाले आणि पुढचं गिळलं.

मी रायफलीवरून दुर्बीण उतरवून मालकांच्या हातात दिली. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फिरवून पाहिलं. मग हिशेबाच्या बाईंना दिली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. दारातल्या दोघांना दिली. 

मी म्हटलं, दिसलं ना पोक?

मालक म्हणाले, "रेघ सरळ आहे."

मी म्हटलं, तुम्हीसुद्धा?

मग हिशेबाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, मावशी, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय सांगता का? मी पाहिलं. कॅलेंडरच्या चारी कडा दिसत होत्या, खिळा दिसत होता. मी म्हटलं, त्याच्यावर मधे शाई सांडलीय, काय वाचू?

बाईंनी तोंडावर हात ठेवला, तेवढं दिसलं कारण त्या बाजूला उभ्या होत्या.  मी कॅलेंडरजवळ गेले. हात लावून पाहिला. कागद कोरडा होता.

भावोजी केव्हा निघून गेले ते मला कळलं नाही.

२० डिसेंबर

हिशेबाच्या बाई घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात गार आहेत. डोळ्यात थेंब टाकले, यंत्रावर हनुवटी टेकवून ठेवली, पुष्कळ वेळ घेतला. मग चौकड्यांचा एक कागद धरला आणि विचारलं की कसा दिसतो. मी म्हटलं, मधे भोक आहे आणि भोकाभोवती सगळ्या रेघा पोक काढून बसल्यात. बोलता बोलता मला दुर्बिणीतली रेघ आठवली.

त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आत मागे पडदा असतो, त्याच्या बरोबर मधोमध खालून रक्त झिरपलं होतं. आता तिथे व्रण धरलाय. कडेचं दिसत राहील, चालता येईल, फिरता येईल. मधलं परत येणार नाही. वाचन नाही, सुईदोरा नाही, माणसाचा चेहरा नाही. नेम तर नाहीच.

मी विचारलं, औषध? त्या म्हणाल्या, इंजेक्शनं असतात, रक्त झिरपायला लागतं तेव्हा लगेच दिली तर नजर टिकते बरेचदा.

"रेघा वाकड्या दिसायला कधी लागल्या?"

मी म्हटलं, नोव्हेंबरच्या शेवटी.

त्या काही लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. "तेव्हाच का नाही आलात?"

काय सांगू त्यांना? की मी दुर्बीण बदलत होते.

२३ डिसेंबर

मालक स्वतः खोलीवर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत खोल्या खाली कराव्या लागतील, काम भावोजींना दिलंय. दुसरं कुणी नाही ज्याला इथल्या पट्ट्या माहीत आहेत, असं म्हणाले. भावोजी आधी नको म्हणत होते, हेही सांगितलं. रेघ सरळ आहे हे दिसलं तरी खोल्यांचं माझं बोलणं बाहेर पसरलंय, म्हणून त्यांना ह्या खोल्यांत राहायला यायची लाज वाटते, असं मालकांना वाटतं. भावोजींची एक मुलगी शाळेतून रडत आली म्हणे, कुणीतरी तिला चिडवलं की तुझे बाबा काकूचं घर चोरतात.

हे माझं बोलणं. माझ्याच तोंडातून निघून ते पोरीपर्यंत पोचलं.

मालक गेल्यावर मी पलंगावर पडून राहिले. सबंध दिवस. उठायचं कशासाठी ते आठवेना.

२६ डिसेंबर

वहीच्या रेघा आता बघतच नाही. मोठं मोठं लिहिते, एका पानावर चार ओळी. काय लिहिलं ते मला वाचता येणार नाही. तरी लिहिते, कारण गप्प बसलं की तो ससा ऐकू येतो.

दूरच्या मावसबहिणीने पत्र्याच्या खोलीत जागा देऊ केलीय. देऊ केलीय म्हणजे नाही म्हणाली नाही. ह्यांचे कपडे बांधले. कुठला सदरा कुठला ते हाताने ओळखते.

भावोजींकडे जाऊन यायचं रोज ठरवते. दारापर्यंत जाते. तिथून त्यांच्या खोलीचा दिवा कडेने दिसतो. पाय उचलत नाही.

३० डिसेंबर

आज ते आले. किल्ल्या घ्यायला आणि रायफल ताब्यात घ्यायला, मालकांनी पाठवलं म्हणून. दारातच उभे राहिले, चप्पल काढली नाही. पूर्वी आल्या आल्या चप्पल काढून आत यायचे.

किल्ल्या दिल्या. रायफल टेबलावर ठेवली. दुर्बीण मी पुन्हा बसवून ठेवली होती, चाचपडत, कड्या घट्ट आवळून. रायफल जराशी डावीकडे ओढते, थंडीत जास्त, ते सांगितलं. पश्चिमेच्या पट्टीत ससे कुंपणाच्या तिसऱ्या खांबाखालून येतात, ते सांगितलं. चेहरा दिसत नसला तरी ते ऐकत होते हे कळत होतं, कारण जागचे हलत नव्हते. जखमी करून सोडू नका, नीट दिसला नाही तर मारूच नका, हेही सांगितलं.

मग मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही दार वाजवत होतात तेव्हा मी आत होते. ऐकत होते. माझं चुकलं. तुम्हाला नाही नाही ते बोलले मी."

त्यांच्या हातातल्या किल्ल्या किणकिणल्या.

मी म्हटलं, "काहीतरी बोला."

ते अगदी जवळ होते. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही कान दिसले, सदऱ्याची कॉलर दिसली, खांदे दिसले. मान जराशी इकडे वळवली, तिकडे वळवली, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं. जिथे बघावं तिथला भाग विरघळत होता. ते रागावले होते की रडत होते, मला माफ केलं होतं की माझी घृणा येत होती, त्यांचे ओठ हलत होते का, मला काहीच दिसलं नाही. माझ्यासाठी रजा टाकून दारात उभा राहिलेला हा माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर होता.

थोड्या वेळाने त्यांनी रायफल उचलल्याचा आवाज आला. मग पायऱ्या उतरल्याचा.